सीझनमध्ये कोडला हात लावायचा नाही, हे अर्धेच खरे

गोव्यात हॉटेले, होमस्टे, भाड्याच्या स्कूटरी यांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्यांचा एक न लिहिलेला नियम आहे. चवथीआधी नवी कामे उरकायची आणि ऑक्टोबर लागला की कोडला हात लावायचा नाही, तो थेट शिगम्यापर्यंत. नियम वेडगळ नाही. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत बुकिंगचा फॉर्म अर्धा तास अडला तरी मालकाचा फोन येतो, आणि तो ख्यालीखुशाली विचारायला नसतो.

पण २०२५ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत जावास्क्रिप्टच्या जगात जे घडले, त्यावर हा नियम घासून पाहायला हवा. तीनदा हात न लावणारे वाचले. एकदा हात न लावणारेच गेले. दोनदा हात लावला काय, न लावला काय, सारखेच होते. पावसाळ्यात कामे सुस्त असतात, तेव्हाच हा हिशेब मांडून ठेवलेला बरा.

सप्टेंबर: वाचले ते कोण

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. एकवीस दिवसांचे गणपती सोडले तर बाकीचे विसर्जनाला गेलेले. आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसात वाजत होते, तेव्हा एनपीएमवर (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजे जिथून उतरवतात ते कोठार) चॉक, डीबग आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या एकूण १८ पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या चढल्या. ही पॅकेजे मिळून आठवड्याला दोन अब्जांहून जास्त वेळा डाउनलोड होतात. ती तुम्ही स्वतः कधी मागवली नसतील, पण तुम्ही मागवलेल्या कुठल्या ना कुठल्या पॅकेजाच्या पोटात ती असतातच.

शिरकाव कसा झाला, तो भाग नीट पाहण्यासारखा आहे. पॅकेजे सांभाळणाऱ्याला एनपीएमच्या नावाने मेल आला: तुमची टू-फॅक्टरची माहिती जुनी झाली, बदला, नाहीतर १० सप्टेंबरपासून खाते बंद होईल. मेलचे डोमेन होते एनपीएमजेएस डॉट हेल्प. खरे आहे एनपीएमजेएस डॉट कॉम. त्या नकली पानावर पासवर्ड आणि सहा आकडी कोड टाकला की पान तेच आकडे लगोलग खऱ्या साइटवर टाकून मोकळे. म्हणजे टू-फॅक्टर लावलेले असूनही फसगत झाली. सहा आकड्यांना आपण कोणत्या पानावर टाइप होतोय ते कळत नाही. पासकी (पासवर्डऐवजी फोनात किंवा लॅपटॉपवर ठेवलेली किल्ली) किंवा यूएसबीची सिक्युरिटी की डोमेन तपासूनच सही करते, नकली पानावर ती गप्प बसते. गिटहब, एनपीएम, डोमेन विकणारा आणि होस्टिंग या चार खात्यांना तरी पासकी लावा. अर्ध्या तासाचे काम आहे.

घुसवलेला कोड ब्राउझरात चालून क्रिप्टोच्या वॉलेटचे पत्ते गुपचूप बदलत होता. सुमारे दोन तासांत आवृत्त्या काढून टाकल्या गेल्या. त्या दोन तासांत फटका कोणाला बसू शकत होता? ज्याने ताज्या आवृत्त्या ओढल्या त्याला. पॅकेज जेसन या प्रोजेक्टच्या पॅकेजांच्या यादीत डीबगच्या आकड्याआधी टोपी (^) असेल तर ४.४.१ लिहिलेले असूनही ४.४.२ चालते, आणि ४.४.२ हीच विषारी होती. (चॉकची ५.६.१.) लॉकफाइल (कोणत्या पॅकेजाची नेमकी कोणती आवृत्ती बसवायची ते नोंदवणारी फाइल) जागेवर असेल तर तिच्यातलाच आकडा येतो. लॉकफाइल नसेल तर त्या क्षणी जे ताजे असेल ते.

इथे एक वाईट खोड सांगायला हवी. काही अडले की नोड मॉड्यूल्सचे फोल्डर आणि लॉकफाइल दोन्ही उडवायची आणि पुन्हा इन्स्टॉल मारायचे. नवशिक्याला शिकवला जाणारा हा पहिला रामबाण उपाय. तो लागू पडतो, कारण सगळे पॅकेज नव्याने येते. धोकाही नेमका तोच आहे. फोल्डर उडवा, लॉकफाइल ठेवा. दहांतल्या नऊ वेळा तेवढ्याने भागते.

पुढच्याच आठवड्यात, १५ सप्टेंबरच्या आसपास, शाई-हुलूद नावाचा किडा आला. हा ब्राउझरापर्यंत थांबलाच नाही. इन्स्टॉल होतानाच पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्टमधून चालायचा, मशीनवरची टोकने आणि किल्ल्या (पासवर्डऐवजी प्रोग्राम वापरतात ते गुप्त कोड) शोधायचा, त्या चव्हाट्यावर टाकायचा आणि सापडलेल्या एनपीएम टोकनाने त्या माणसाच्या बाकीच्या पॅकेजांतही स्वतःला कोंबायचा. ५०० हून जास्त पॅकेजे बाधली. २४ नोव्हेंबरला, पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव ऐन भरात असताना, त्याची दुसरी फेरी उघड झाली. या वेळी स्क्रिप्ट प्रीइन्स्टॉलमध्ये होती, म्हणजे इन्स्टॉल पुरे व्हायचीही वाट पाहत नव्हती. चोरायला काही मिळाले नाही आणि पसरताही आले नाही, तर होम फोल्डर पुसून टाकायची सोय सोबत होती.

या तिन्ही वेळा सीझनसाठी हात आवरून बसलेला माणूस सुखरूप राहिला. आळसाला क्वचित असे बक्षीस मिळते.

हात आवरायचा म्हणजे नेमके काय करायचे

आळशीपणावर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून तो सेटिंगमध्ये लिहून ठेवायचा.

सर्व्हरवर आणि बिल्डमध्ये (साइट चढवण्याजोगी तयार करण्याच्या टप्प्यात) एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय हवे. सीआय जुने फोल्डर काढून लॉकफाइलमध्ये आहे तेच आणि तेवढेच बसवते. पॅकेज जेसन आणि लॉकफाइल जुळत नसतील तर चूक दाखवून थांबते. ते थांबले की वैतागून इन्स्टॉलवर परत जाऊ नका. कोणीतरी एक फाइल बदलून दुसरी कमिट करायला विसरले आहे, एवढाच त्याचा अर्थ. गिटइग्नोरमध्ये लॉकफाइलचे नाव आहे का तेही पाहा. जुन्या प्रोजेक्टांत ते असते.

दुसरे, इन्स्टॉलच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद करणे. डॉट एनपीएमआरसी फाइलमध्ये इग्नोर-स्क्रिप्ट्स ट्रू, एवढी एक ओळ. हिने दोन गोष्टी मोडतात आणि दोन्ही आधी ठाऊक असाव्यात. ज्या पॅकेजांना खरोखरच इन्स्टॉलच्या वेळी काही बांधावे किंवा उतरवावे लागते, उदाहरणार्थ बेटर-एसक्यूलाइट३, पपेटिअर, ती अर्धवट राहतात आणि चालवताना बाइनरी सापडत नाही म्हणून रडतात. त्यांच्यापुरते एनपीएम रीबिल्ड चालवायचे, पण त्या कमांडला त्याच वेळी इग्नोर-स्क्रिप्ट्स फॉल्स असे सांगावे लागते. नाहीतर रीबिल्डही तीच ओळ पाळते आणि काहीही न करता यश मिळाल्यासारखे परतते. दुसरी मोडतोड जास्त छुपी आहे. या सेटिंगखाली एनपीएम रन बिल्ड चालते, पण तुमच्याच पॅकेज जेसनमधले प्रीबिल्ड आणि पोस्टबिल्ड चालत नाहीत. प्रिझ्मा जनरेट (डेटाबेसशी बोलणारा क्लायंट बनवणारी कमांड) कोणी प्रीबिल्डमध्ये ठेवले असेल तर बिल्ड जुन्या क्लायंटवर होते आणि घोळ दोन दिवसांनी कळतो. उपाय सोपा: प्रीबिल्डमधले सगळे बिल्डच्याच ओळीत आणा.

पीएनपीएम (एनपीएमऐवजी वापरता येणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांना हे काम सोपे आहे. दहाव्या आवृत्तीपासून तो बाहेरच्या पॅकेजांच्या स्क्रिप्ट मुळातच चालवत नाही. ज्यांना परवानगी द्यायची त्यांची नावे तुम्ही लिहायची. आणि १०.१६ पासून मिनिमम रिलीज एज ही सोय आहे: आवृत्ती प्रसिद्ध होऊन इतकी मिनिटे झाल्याशिवाय ती घ्यायचीच नाही. आकडा मिनिटांत आहे हे ध्यानात असू द्या. तीन दिवसांना ४३२०, आठवड्याला १००८०. 'सात दिवस' समजून ७ लिहिले तर सात मिनिटांची मुरवण मिळते. लोणचे सुद्धा एवढ्यात मुरत नाही. ८ सप्टेंबरचा विषारी माल दोन तासांत काढला गेला होता, म्हणजे एका दिवसाची, १४४० मिनिटांची मुदत असती तरी तो दारातच अडला असता.

एनपीएमवरच राहायचे असेल तर इन्स्टॉलला बिफोर हा पर्याय देऊन ठराविक तारखेपर्यंतच्याच आवृत्त्या मागता येतात. तो हाताने, त्या त्या वेळी द्यावा. एनपीएमआरसीत तारीख कोरून ठेवली तर पुढची दुरुस्तीही कधी येणार नाही, आणि ते का कळायला पुढचा भाग वाचा.

स्वतः पॅकेज प्रसिद्ध करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: एनपीएमचे जुने क्लासिक टोकन ९ डिसेंबर २०२५ ला कायमचे रद्द झाले. प्रसिद्ध करण्यासाठी आता ट्रस्टेड पब्लिशिंग किंवा थोड्या मुदतीचे टोकन. खासगी पॅकेज ओढणारा एखादा जुना बिल्ड अचानक ४०१ देऊ लागला असेल तर आधी हेच तपासा.

३ डिसेंबर: फेस्ताच्या सुटीत आलेली बातमी

जुन्या गोव्यात सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त, राज्यात सार्वजनिक सुटी, आणि नेमक्या त्या दिवशी रिॲक्टने (वेबसाइटची पाने बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) सीव्हीई-२०२५-५५१८२ हा सुरक्षेचा दोष जाहीर केला. गंभीरतेचे गुण दहापैकी दहा. लोकांनी त्याला रिॲक्ट-टू-शेल असे नाव दिले, आणि नाव योग्यच आहे: लॉगिन नको, पासवर्ड नको, एक बेतलेली पोस्ट रिक्वेस्ट पाठवायची आणि सर्व्हरवर हवा तो कोड चालवायचा.

कारण थोडक्यात असे. रिॲक्ट सर्व्हर कंपोनंट्समध्ये ब्राउझर आणि सर्व्हर एका खास पद्धतीने बांधलेले गाठोडे एकमेकांना पाठवतात. सर्व्हर ते सोडवताना, मागितलेले नाव त्या वस्तूचे स्वतःचे आहे की जावास्क्रिप्टच्या वंशावळीतून वारशाने आलेले, याची खातरजमा करत नव्हता. वारशाच्या वाटेने चढत गेले की फंक्शन बनवणाऱ्या कन्स्ट्रक्टरपर्यंत पोचता येते, आणि तिथून पुढे रान मोकळे. आपण एकही सर्व्हर फंक्शन लिहिलेले नाही म्हणून सुटलो, असेही नव्हते. सर्व्हर कंपोनंट्सची सोय चालू असणे पुरेसे होते.

बाधित रिॲक्ट: १९.०, १९.१.०, १९.१.१, १९.२.०. पहिली दुरुस्ती: १९.०.१, १९.१.२, १९.२.१. नेक्स्टजेएसमध्ये (रिॲक्टवर बांधलेले फ्रेमवर्क) १५ आणि १६ च्या ॲप राउटरवाल्या साइटी. नुसता पेजेस राउटर असेल, किंवा व्हीटवर बांधलेले आणि फक्त ब्राउझरात चालणारे रिॲक्ट असेल, तर हे प्रकरण तुमचे नव्हतेच. जाहीर झाल्यापासून काही तासांत हल्ले सुरू झाले. ज्यांनी 'मार्चमध्ये बघू' म्हटले, त्यांच्या सर्व्हरवर क्रिप्टोचे खाणकाम करणारे पाहुणे उतरले, आणि तेही डिसेंबरात, जेव्हा खोल्या आधीच फुल्ल असतात.

इथे हमखास होणारी एक चूक. माणूस एनपीएम एलएस रिॲक्ट चालवतो, १८ किंवा दुरुस्त १९ दिसतो आणि निवांत झोपतो. पण नेक्स्टचा ॲप राउटर रिॲक्टची स्वतःच्या पोटातली प्रत वापरतो. तुमच्या यादीतला रिॲक्ट तिथे चालतच नाही. पाहायचा तो नेक्स्टचा आकडा. सोपी युक्ती: साइट ब्राउझरात उघडा, कन्सोलमध्ये नेक्स्ट डॉट व्हर्जन टाइप करा. लॅपटॉपवर काय आहे ते नको, लोकांपुढे काय चालले आहे ते कळायला हवे.

आणि दुरुस्तीसाठी सगळे घर हलवावे लागत नव्हते. १५.१ वर असाल तर १५.१.९, १५.३ वर असाल तर १५.३.६, १५.५ वर असाल तर १५.५.७, १६ वर असाल तर १६.०.७. शेवटचा आकडा तेवढा बदलायचा, आधीचे दोन तसेच. पुढच्याच आठवड्यात आणखी दोन दोष निघाले आणि आकडे पुन्हा पुढे सरकले, त्यामुळे एखादी विसरलेली साइट आज दुरुस्त करत असाल तर आपल्या ओळीतला अगदी शेवटचा आकडा घ्या. या गडबडीत हौसेने १५ वरून १६ वर उडी मारणारे वेगळ्याच संकटात पडतात, मग दोष सुरक्षेला देतात.

आता मघाशी बसवलेली मुरवण आडवी येते. आठवड्याचा थांबा लावला असेल तर पीएनपीएम आजची दुरुस्तीही आठवडाभर घेणार नाही. त्यासाठीच मिनिमम रिलीज एज एक्स्क्लूड अशी यादी असते. तिच्यात नेक्स्ट, रिॲक्ट, रिॲक्ट-डॉम अशी मोजकी, ज्यांच्या सुरक्षेच्या सूचना तुम्ही स्वतः वाचता अशीच नावे ठेवा. पंचवीस नावे टाकलीत तर थांब्याला अर्थ उरत नाही. माझे मत: ही नावे कायमची ठेवूही नयेत. सूचना वाचली, नाव टाकले, आकडा चढवला, कमिट केले, नाव काढले.

दुरुस्ती लावण्याआधी साइट उघडी होती, तर काम दुरुस्तीने संपत नाही. एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवलेले सगळे, डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची किल्ली, मेल पाठवायची किल्ली, चोरीला गेले असे धरून बदलायचे. सर्व्हरवर टॉप चालवून सीपीयू खाणारी अनोळखी प्रक्रिया पाहायची, क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) पाहायचा, टेम्प फोल्डर पाहायचे. नोड रूटच्या नावाने चालत असेल तर पुसापुशी करत बसू नका, नवे मशीन उभे करा. कंटेनर नवा केला की घाण जाते हे खरे, पण किल्ल्या त्याने बदलत नाहीत.

वर्डप्रेसवाल्यांनी हे वाचून हसू नये. प्लगइनचे ऑटो-अपडेट चालू ठेवायचे की बंद, हा तोच प्रश्न आहे.

क्लाउडफ्लेअर, लवकर आटोपतो

१८ नोव्हेंबरला आपल्या घड्याळात दुपारी ४.५० पासून क्लाउडफ्लेअर, म्हणजे पाहुणा आणि साइट यांच्यामधून वाहतूक नेणारी सेवा, कोलमडले. रात्री आठच्या सुमारास बहुतेक वाहतूक सुरळीत झाली. बॉट ओळखण्यासाठीची एक फाइल अपेक्षेपेक्षा दुप्पट फुगली आणि ती वाचणारा प्रोग्राम मर्यादा ओलांडल्यावर कोसळला. ५ डिसेंबरला दुपारी २.१७ ते २.४२ पुन्हा, आणि या वेळचे निमित्त मजेशीर: रिॲक्टच्या त्याच दोषापासून ग्राहकांना वाचवायला केलेला बदल.

अशा वेळी डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) फिरवून साइट थेट सर्व्हरवर न्यायची कल्पना सुचते. १८ तारखेला बहुतेकांना डॅशबोर्डात लॉगिनच होत नव्हते. एपीआय टोकन आधीच जपून ठेवले असेल तरच ती वाट होती, आणि तिने सर्व्हरचा खरा पत्ता जगाला कळतो. बारा खोल्यांच्या हॉटेलासाठी हा उपद्व्याप करू नये. त्यापेक्षा गूगलवरच्या हॉटेलाच्या नोंदीत फोन नंबर बरोबर आहे ना ते पाहा. मात्र साइट परत आल्यावर पेमेंटचा ताळा जरूर घाला: पाहुण्याचे यूपीआय कापले गेले, पण गेटवेचा वेबहुक (पैसे आल्याचा आपोआप येणारा निरोप) तुमच्यापर्यंत पोचला नाही, अशी बुकिंगे राहतात. गेटवे वेबहुक पुन्हा पाठवतो, म्हणून एकच वेबहुक दोनदा आला तर दोन बुकिंगे होणार नाहीत अशी सोय हवी. पेमेंट आयडीवर डेटाबेसात युनिक बंधन टाकले की झाले.

पणजीच्या बैठकीत काय करावे

रिॲक्ट इंडियासारखी परिषद गोव्यात भरते, देशभरातले लोक येतात, भाषणे चांगली होतात. पण आपल्या दहा-बारा जणांच्या शनिवारच्या बैठकीत पुन्हा भाषणच ठेवण्यात हशील नाही. या पावसाळ्यात कवायत ठेवा. दुपारी साडेतीनला सुरू, साडेपाचला बंद, म्हणजे मडगाव-म्हापशाला परतणाऱ्यांना बस मिळते.

सगळ्यांना एकच जुना प्रोजेक्ट द्यायचा: नेक्स्ट १५.१.० आणि त्याची लॉकफाइल. घड्याळ लावायचे. पहिली वीस मिनिटे: प्रत्येकाने आपण सांभाळत असलेल्या सगळ्या साइटींची यादी लिहायची. साइट, फ्रेमवर्कचा आकडा, होस्टिंग, रात्री नऊला मालकाचा लागणारा नंबर. बहुतेकांची यादी इथेच अडते, आणि ३ डिसेंबरला खरा वेळ दुरुस्तीत नाही, या शोधाशोधीत गेला असता. मग फक्त शेवटचा आकडा चढवणे, लॉकफाइलमध्ये नेक्स्टखेरीज आणखी काय हलले ते गिट डिफमध्ये पाहणे, बिल्ड. मग पुन्हा जुन्या आकड्यावर मागे फिरणे, तेही करून बघावे. दोष प्रत्यक्ष दाखवायचाच असेल तर आपल्याच लॅपटॉपवर, नेट तोडून. दुसऱ्याच्या साइटवर 'सहज बघितले' हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसते.

बारा लॅपटॉप एकाच वेळी इन्स्टॉल करू लागले की मोबाइलचा हॉटस्पॉट मान टाकतो. एका लॅपटॉपवर व्हर्डाचिओ चालवा. तो एनपीएमची स्थानिक साठवण करतो, पोर्ट ४८७३. आदल्या दिवशी घरच्या नेटवर एकदा पूर्ण इन्स्टॉल करून साठवण भरून आणायची आणि बाकीच्यांनी रजिस्ट्रीचा, म्हणजे पॅकेजे जिथून ओढायची त्या जागेचा, पत्ता तिकडे वळवायचा. वीज जाते, म्हणून तो लॅपटॉप आणि राउटर दोन्ही बॅटरीवर तासभर टिकतील असे पाहा. प्रोजेक्टर गेला तर जाऊ दे.

घरी जाण्याआधी मात्र प्रत्येकाने रजिस्ट्रीचा पत्ता परत मूळचा करायचा. विसरलात तर सोमवारी सकाळी इन्स्टॉल जोडणी नाकारल्याची चूक दाखवेल. त्याहून वाईट म्हणजे बैठकीत नवे पॅकेज घालून बनलेली लॉकफाइल. तिच्या रिझॉल्व्हडच्या ओळींत १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता राहतो, आपल्या लॅपटॉपवर साठवणीतून सगळे छान चालते, आणि सर्व्हरवरचा बिल्ड त्या पत्त्यावर व्हर्डाचिओ शोधत बसतो. कमिट करण्याआधी लॉकफाइलमध्ये '१९२.१६८' शोधून पाहा.